लेथ किती फुटी घ्यायची? आधी आटे मोजा

"सर, घराला लागून शेड आहे. लेथ टाकायचीय. साडेचार फुटी घेऊ का सहा फुटी?"

शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या आपल्या पट्ट्यातून मला नेहमी विचारला जाणारा हा प्रश्न. मी उलटं विचारतो, तुमच्या दारात कोणते आटे येणार आहेत? समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात फूट आणि रुपये असतात. पण आपल्याकडे छोट्या लेथवर पैसे मिळतात ते मुख्यतः दोन कामांत. घासलेला शाफ्ट किंवा बुश नवा करून देणं हे एक, आणि आटे पाडणं किंवा गेलेले आटे पुन्हा जमवून देणं हे दुसरं. पहिलं काम कुठल्याही बऱ्या मशीनवर होतं. दुसरं चुकीच्या मशीनवर होतच नाही, आणि ते कळतं कधी, तर पैसे देऊन मशीन शेडमध्ये उतरवल्यावर. म्हणून मशीनची निवड आट्यांपासून सुरू करायची. व्हिडिओत गिअर लावून दाखवलेत. इथे निवड आणि हिशोब सावकाश लिहितो, म्हणजे मोबाइलवर हे उघडून तुम्ही थेट विकणाऱ्यासमोर उभे राहू शकाल.

आधी महिनाभर वही

मशीन बघायला जायच्या आधी एक दोनशे पानी वही घ्या आणि महिनाभर फिरा. पंप दुरुस्तीवाले, भात गिरणीवाले, ट्रॅक्टरचे आणि टू-व्हीलरचे गॅरेज, वेल्डिंगवाले. प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, "टर्निंगचं काम निघालं की कुठे नेता?" उत्तर बहुतेक वेळा कल्याण, भिवंडी किंवा उल्हासनगर असं येईल. मग लिहून घ्या: वस्तू काय होती, केवढी होती, आटे होते का, किती दिवस लागले, किती पैसे दिले. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेला दिवसही लिहा, कारण तुमचा खरा ग्राहक त्या बुडालेल्या दिवसाचे पैसे तुम्हाला देणार आहे.

आपल्या भागाचं कामाचं चक्र ठरलेलं आहे. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली, पाणी मुंबईकडे, आणि एप्रिल-मे आला की आपल्याच पाड्यांवर टँकर. त्यामुळे बोअर आणि सबमर्सिबल पंप यांचं काम मार्चपासून वाढतं. जूनच्या तोंडावर पॉवर टिलर आणि नांगराचे पार्ट येतात. भरपावसात काम मंदावतं. दसरा-दिवाळीला भातकापणी, मग मळणी यंत्रं, मग गिरण्या. मुंबई-नाशिक हायवे आणि माळशेजकडे जाणारा कल्याण-नगर रस्ता, यांच्यावरची गॅरेज मात्र बारा महिने चालू. मुरबाड एमआयडीसी आणि आसनगावकडच्या कारखान्यांची मेंटेनन्सची कामं मोठी असतात, पण त्यांना ड्रॉइंगप्रमाणे अचूक माप लागतं आणि पैसे उधारीत अडकतात. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या युनिटचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, तेव्हा नोंदणी पहिल्या आठवड्यातच करा. तरीही पहिलं वर्ष कारखान्यांच्या भरवशावर काढू नका, असं माझं मत.

महिन्याने वही उघडलीत की दिसेल, तुमच्याकडे येणारे आटे साधारण तीन घराण्यांचे आहेत.

तीन घराणी

पहिलं मेट्रिक. एम १०, एम १२, एम १६ असं म्हणतो ते. एम १० म्हणजे बाहेरचा व्यास १० मिलिमीटर. एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. नेहमीच्या एम १० ला पिच दीड मिलिमीटर, एम १२ ला पावणेदोन, एम १६ ला दोन, एम २० ला अडीच. आट्याच्या खाचेचा कोन ६० अंश. नवीन गाड्या, नवीन मशिनरी बहुतेक याच घराण्यातली.

दुसरं जुनं इंची घराणं. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली आटे एका मापात आणायची पद्धत मांडली, तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे. त्याचा कोन ५५ अंश. मिस्त्री लोक तीन सुती, चार सुती बोल्ट म्हणतात तो हा. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सुती म्हणजे अर्धा इंच. इथे पिच मोजत नाहीत, एका इंचात किती आटे बसतात ते मोजतात, त्याला टीपीआय म्हणतात. तीन सुतीला १६, चार सुतीला १२. जुन्या गिरण्या, जुनी इंजिनं, लोहाराने बनवलेली अवजारं यांच्यात हे अजून भरपूर सापडतं.

तिसरं पाइपाचं, बीएसपी. आपल्याकडे पंपामुळे हेच सगळ्यात जास्त. कोन व्हिटवर्थचाच, ५५ अंश. अर्धा आणि पाऊण इंचाला एका इंचात १४ आटे, एक इंचापासून वर ११ आटे. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, कारण "एक इंची पाइप" कुठेच एक इंच भरत नाही. ते जुनं आतल्या व्यासाचं नाव आहे. व्हर्नियर लावलात तर एक इंची आट्याचा बाहेरचा व्यास ३३.२५ मिलिमीटर भरेल, सव्वा इंचीचा ४१.९ आणि दीड इंचीचा ४७.८. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घराणं ओळखायला पिच गेज घ्या, मेट्रिक आणि व्हिटवर्थ दोन्ही पात्यांचा. स्वस्त वस्तू आहे, पण त्याच्याशिवाय काम घेऊ नका. कारण आटे एकमेकांसारखे दिसतात. अर्धा इंची पाइपाचे १४ टीपीआय म्हणजे पिच १.८१ मिलिमीटर. शेजारचा मेट्रिक पिच १.७५. डोळ्याला फरक कळणार नाही. पण तुम्ही १.७५ चे गिअर लावून सॉकेटमध्ये आटे पाडलेत, तर प्रत्येक आट्याला सहा शतांश मिलिमीटर फरक पडत जातो आणि आठव्या आट्याला अर्धा मिलिमीटर होतो. निपल हाताने दोन-तीन आटे जाते, मग अडकते. मग कोणीतरी मोठा पाना लावतो. आटे एकमेकांना खातात आणि जॉइंट घट्ट बसल्यासारखा वाटतो.

हाच प्रकार बोअरमधल्या ॲडॉप्टरला झाला तर काय होतं? दोनशे फूट म्हणजे साधारण ६० मीटर. सव्वा इंची पाइपात दर मीटरला जवळपास एक लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच ६० किलो. जीआय पाइप असेल तर त्याचं वजन याच्या कितीतरी पट, वर पंप आणि केबल. हे सगळं लोंबकळतंय तुम्ही पाडलेल्या दहा-बारा आट्यांवर. त्यात प्रत्येक वेळी पंप चालू होताना झटका बसतो. आटा सुटला की पंप बोअरमध्ये, आणि ऐन मे महिन्यात त्या शेतकऱ्याचं किंवा त्या पाड्याचं पाणी बंद.

मशीन बघताना

आता फुटांकडे येऊ. लेथचे फूट म्हणजे बेडची लांबी. त्यातून हेडस्टॉक आणि टेलस्टॉक वजा करा, दोन सेंटरच्या मध्ये धरता येईल असा जॉब साधारण निम्म्या लांबीचाच उरतो. साडेचार फुटी मशीनवर चार फुटी शाफ्ट धरायची स्वप्नं बघू नका. तुमच्या वहीत गिरणीचे लांब शाफ्ट जास्त असतील तर सहा फुटी, पंपाचे बुश-ॲडॉप्टर जास्त असतील तर साडेचार फुटी पुरते. लांबीचा विषय इथेच संपला.

खरं बघायचं ते स्पिंडलचं भोक. लांब पाइप किंवा सळई चकच्या मागून, स्पिंडलमधून आरपार जाते का? एक इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास साडेतेहतीसच्या आसपास, सव्वा इंचीचा ४२ च्या वर, दीड इंचीचा ४८ च्या वर. मशीनचं भोक ३८ मिलिमीटर असेल तर एक इंची जाईल, सव्वा इंची जाणार नाही. विकणारा हे आपणहून सांगत नाही. व्हर्नियर खिशात न्या आणि स्वतः मोजा.

ऑनलाइन दिसतात त्या टेबलावर ठेवायच्या मिनी लेथचं भोक साधारण २० मिलिमीटर, वजन चाळीसेक किलो. पितळ-ॲल्युमिनियमचे छोटे पार्ट, टू-व्हीलरचे बुश, एम १२ पर्यंतचे आटे यांना त्या चालतात. घरात, सिंगल फेजवर, पडवीत बसतात. शिकायलाही बऱ्या. पण त्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक नॉबने कमी केला की ताकदही कमी होते, आणि आटे तर हळू वेगावरच पाडायचे असतात. पंपाच्या कामावर धंदा उभा करायचा असेल तर मिनी लेथ घेऊ नका. राजकोट आणि बटाल्याकडून येणाऱ्या हलक्या साडेचार फुटी मशीनपासून पुढे बघा.

दुसरी गोष्ट गिअर. आटे पाडताना कॅरेज ओढतो तो लीड स्क्रू. त्याचा पिच इंची आहे की मेट्रिक, हे विचारा. मग मशीनसोबत येणारे सुटे गिअर मोजा. जुन्या मशीनचे दोन-तीन गिअर हरवलेले असतातच. त्यात १२७ दात्यांचा गिअर आहे का ते बघा. हा मोठा, बेढब गिअर काय कामाचा असं वाटून काही लोक तो भंगारात देतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पाचाने गुणलं की १२७. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटा किंवा मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटा अगदी बरोबर पाडायचा तर हाच गिअर लागतो. आपल्या गिऱ्हाइकांकडे दोन्ही घराणी असल्यामुळे १२७ नसलेली लेथ म्हणजे अर्धी लेथ. नवीन मशीनला नॉर्टन गिअर बॉक्स असेल तर बदलाबदली कमी, पण तक्त्यात ११ आणि १४ टीपीआय दोन्ही आहेत याची खात्री करा.

तिसरी गोष्ट मोटर उलटी फिरते का, म्हणजे रिव्हर्स. चौथी, चक स्पिंडलवर बसवलाय कसा. काही जुन्या मशीनवर चक नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. अशी मशीन झटक्याने उलटी फिरवली तर चक सुटून अंगावर येऊ शकतो. नट-बोल्टने किंवा कॅमने धरलेला चक नवशिक्यासाठी बरा. ट्रू चक आणि डॉग चक दोन्ही मिळत असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. वाकड्यातिकड्या कास्टिंगला डॉग चकशिवाय पर्याय नाही.

जुनी घ्यावी का?

घ्यावी, पण म्हसाच्या जत्रेत बैल घेतात तशी. तिथे कोणी शिंगांच्या रंगावर जात नाही, दात बघतात, चालवून बघतात. लेथला नवीन हिरवा रंग मारलेला असेल तर जास्त सावध राहा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर सुरू झाली. तिथली जुनी लेथ अजून वर्कशॉपमध्ये काम करताना दिसतात. एचएमटीचीही तशीच. लोखंड जड, बेड चांगला. पण मोठ्या मशीनची मोटर मोठी, थ्री फेजशिवाय हलत नाही आणि शेडमध्ये उतरवायला क्रेन लागते. नावावर भाळू नका, तपासा.

तपासायचं कसं? लेथ सगळ्यात जास्त झिजते ती चकजवळ, कारण रोजचं काम तिथेच होतं. कॅरेज चकजवळ नेऊन तिथे डुलणार नाही एवढी पट्टी आवळा, मग कॅरेज टेलस्टॉककडे सरकवा. मध्येच गच्च झाली तर बेड चकजवळ खाल्लेला आहे. लीड स्क्रूचंही तसंच, चकजवळचे आणि टोकाचे आटे बोटाने आणि डोळ्याने ताडून बघा. मग सोबत नेलेली इंचभर जाडीची सळई चकमध्ये धरून, टेलस्टॉक न लावता, चार इंच लांबीवर बारीक कट घ्यायला लावा. दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. फरक एक-दोन शतांश मिलिमीटरचा असेल तर छान, दहा शतांश असेल तर सोडून द्या. शेवटी विकणाऱ्याला म्हणा, "यावर एम २० चा आटा पाडून दाखवा," आणि खिशातला नवीन नट त्यावर फिरवून बघा. दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

टूल, पिच गेज, सेंटर गेज, टॅप-डाय यांच्यासाठी आसनगावहून लोकल पकडून मशीद बंदरला उतरा आणि नागदेवी स्ट्रीटवर एक दिवस घालवा. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागेल. चार दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नका.

वीज आणि पाऊस

घरगुती मीटरवर धंद्याची लेथ चालवू नका. शेतीपंपाची थ्री फेज लाइन शेडजवळून गेलीय म्हणून तिच्यावरही नको. वापर बदलला की महावितरणची कारवाई होते, आणि तशीही शेतीची लाइन ठरावीक तासच असते. महावितरणकडे उद्योगासाठी वेगळं कनेक्शन मागा. थ्री फेज मिळायला वेळ लागणार असेल तर एक हॉर्सपॉवरच्या आसपासची सिंगल फेज मोटर, किंवा सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी, हे दोन मार्ग आहेत. व्हीएफडीने वेग कमी-जास्त करता येतो, पण गावातल्या कमी व्होल्टेजवर तो वारंवार ट्रिप होतो. आधी दोन-तीन संध्याकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून बघा.

पाऊस आपल्याकडे किती, हे मी सांगायला नको. पडवीत झड येते. उघडा बेड एका रात्रीत तांबूस होतो. जून ते सप्टेंबर रोज काम संपलं की बेडवरचा चुरा काढून तेलाचा हात मारायचा, सुती कापड टाकायचं. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलंत तर आत दव धरतं आणि गंज जास्त चढतो. मशीन जमिनीच्या ओलीपासून वर, काँक्रीटच्या ओट्यावर, पाणसळ लावून बसवा.

गिअरचा हिशोब

व्हिडिओत यावर घाई झाली असं काहींना वाटलं असेल, म्हणून नीट. स्पिंडल एक फेरा फिरला की कॅरेज आट्याच्या एका पिचएवढी सरकली पाहिजे. बस, एवढंच तत्त्व आहे. हेन्री मॉडस्लेने १८०० च्या आसपास आपल्या लेथवर लीड स्क्रू आणि बदलते गिअर आणले तेव्हापासून हेच चालू आहे.

समजा लीड स्क्रू ४ टीपीआय आहे आणि एक इंची पाइपाचा, ११ टीपीआय आटा पाडायचाय. लीड स्क्रूचे ४ वर, जॉबचे ११ खाली. ४/११. दोघांना पाचाने गुणा, २०/५५. दहाने गुणा, ४०/११०. म्हणजे स्पिंडलच्या बाजूला २० आणि लीड स्क्रूवर ५५, किंवा ४० आणि ११०. मध्ये जागा भरायला एक साधा गिअर बसवला तरी प्रमाण बदलत नाही.

आता त्याच मशीनवर एम १०, पिच दीड मिलिमीटर. ४ टीपीआय म्हणजे लीड स्क्रूचा पिच ६.३५ मिलिमीटर. १.५ भागिले ६.३५ म्हणजे ३०/१२७. तो भंगारात जाणारा गिअर इथे लागला. मशीन मेट्रिक असेल, लीड स्क्रू ६ मिलिमीटरचा, तर हाच एम १० नुसत्या २०/८० वर होतो.

पाडताना

एम १० धरू. सळई ९.९ मिलिमीटरला टर्न करा, टोकाला चॅम्फर द्या, जिथे आटे संपायचे तिथे टूलला थांबायला छोटी खाच करा. टूल ६० अंशाचं, सेंटर गेजला लावून सरळ, आणि टोक बरोबर सेंटरच्या उंचीला. कंपाउंड स्लाइड साडेएकोणतीस अंशाला फिरवून तिच्याने कट दिला तर टूल एकाच बाजूने कापतं आणि आटा गुळगुळीत येतो. व्हिटवर्थ आणि पाइपासाठी टूल ५५ अंशाचं, स्लाइड २७ ला.

वेग मशीनवरचा सगळ्यात कमी. पहिला कट नुसता ओरखडा. मग मशीन बंद करून पिच गेज लावा. गिअर चुकले असतील तर ते इथेच कळतं, आणि इथे कळलं तर फक्त सळई गेली. बरोबर असेल तर पुढे. सुरुवातीचे कट दोन दशांश मिलिमीटरचे, मग कमी करत शेवटी नुसता रिकामा फेरा. कटिंग ऑइल सढळ हाताने. एम १० ला आट्याची खोली साधारण ०.९२ मिलिमीटर, तिरक्या स्लाइडवर ती १.०६ च्या आसपास दिसेल. आकडा आला म्हणून थांबू नका, नट फिरवून बघा.

सुरुवातीला आटा पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडूच नका. प्रत्येक फेऱ्याला टूल मागे घ्या, मोटर थांबवा, उलटी फिरवून कॅरेज परत आणा. वेळ जातो, पण टूल प्रत्येक वेळी त्याच खाचेत उतरतं. डायल बघून हाफ नट पकडायची पद्धत नंतर शिका. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक पाडताना तर अनुभवी टर्नरही साधारणपणे हाफ नट उघडत नाही.

पाइपाच्या बाबतीत एक गोष्ट. बाहेरचा आटा निमुळता असतो, सोळाला एक या उताराने. हलक्या लेथवर हे करायला त्रास पडतो आणि प्लंबरची रॅचेट डाय तेच काम पाच मिनिटांत करते. म्हणून पाइपाला बाहेरून आटे डायने पाडायचे आणि सॉकेटच्या, ॲडॉप्टरच्या आतले सरळ आटे लेथवर पाडायचे. एक इंचीसाठी आतलं भोक ३०.३ मिलिमीटर, आट्याची खोली १.४८.

हातमोजे नकोत. गळ्यात गमछा नको, हातात कडं नको, अंगठी नको. चकची चावी हातातून सुटली तर ती खिशात किंवा हुकावर, चकमध्ये कधीच नाही. घरातच मशीन असेल तर मेन स्विचला कुलूप लागेल असा बॉक्स बसवा, कारण पोरं बघून बघून बटण दाबतात.

कोणतं काम नाही म्हणायचं, आणि किती घ्यायचे

गॅस सिलिंडरचं फिटिंग, ब्रेक आणि स्टिअरिंगचे बोल्ट, माल उचलायच्या हुकाचे आटे. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी नाही. गाडीतल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं, ती त्या पोलादाची ताकद आहे, आणि कारखान्यात त्याचे आटे कापत नाहीत, दाबून काढतात. साध्या सळईतून तुम्ही हुबेहूब दिसणारा बोल्ट बनवाल, पण तो तेवढा जोर घेणार नाही. तसेच, दुकानात तयार मिळणारा नट-बोल्टही बनवत बसू नका, गिऱ्हाइकाला सरळ हार्डवेअरच्या दुकानात पाठवा. तुमच्याकडे यावं ते डाव्या आट्याचं, बाजारात न मिळणारं, जुन्या गिरणीचं, गेलेल्या भोकात बुश बसवून नवीन आटा पाडायचं काम.

भाव कसा ठरवायचा? समजा कर्जाचा हप्ता, वीज, टूल, जागा आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिन्याचा खर्च २४ हजार. महिन्याचे २५ दिवस, पण चक प्रत्यक्ष फिरतो दिवसाला चारच तास, बाकी वेळ बोलण्यात, मोजण्यात, वाट बघण्यात. म्हणजे १०० तास, तासाला २४० रुपये नुसता खर्च. गिअर बदलून, टूल घासून, आटा पाडून ४० मिनिटं गेली तर १६० रुपये तुमचे आधीच गेलेत, लोखंड आणि नफा वेगळा. "एका आट्याचे एवढे?" असं गिऱ्हाईक म्हणेलच. त्याला वहीतलं कल्याणचं भाडं आणि बुडालेला दिवस वाचून दाखवा.

कर्जाचं थोडक्यात. मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर. मोठं करायचं असेल तर पीएमईजीपी, त्यात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा गटांना ३५ टक्के अनुदान आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत आदिवासी तरुण भरपूर आहेत, त्यांनी हे बघावंच. पण बँकेत जाताना कोटेशनसोबत ती महिन्याची वही न्या. मॅनेजर साहेब कुठलं काम, किती काम असं विचारतात, तेव्हा किन्हवलीच्या गिरणीचा शाफ्ट आणि सरळगावच्या पंपाचा ॲडॉप्टर, तारखेसकट, त्यांच्या टेबलावर ठेवता येतो.